दोन डबे, एक पातेलं आणि पन्नास बाटल्या

(पडद्यावर: माल्ट सिरपचे जुने पत्र्याचे डबे, रंगीत लेबलं)

घरी स्वस्तात बिअर कशी करायची ते आज बघू, पण आधी एक जुनी गोष्ट. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी लागू झाली आणि बिअर कंपन्यांपुढे प्रश्न उभा राहिला की आता विकायचं काय. कारखाने होते, बार्ली होती, माणसं होती, फक्त बिअर विकता येत नव्हती. मग बडवायझर बनवणाऱ्या अॅनहायझर-बुशसारख्या कंपनीनेही माल्ट सिरप डब्यात भरून विकायला काढलं, ब्रेड-बिस्किटात घालायला म्हणून, आणि त्यातल्या काही डब्यांत हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांची, चव आधीच मिसळलेली असायची. हॉप्स कडू असतात, ब्रेडला त्यांचा काही उपयोग नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत होतं आणि घेणाऱ्यालाही. लोकांनी तो डबा घरी नेला, पाणी घातलं, साखर घातली, ब्रेडचं यीस्ट टाकलं आणि तळघरात बिअर बनवली.

ती बिअर चांगली नसायची. साखर जास्त, यीस्ट चुकीचं, स्वच्छतेची बोंब. पण बदनामी चिकटली ती डब्याला, आणि मला वाटतं तिथेच माल्ट एक्स्ट्रॅक्टवर, म्हणजे त्याच माल्ट सिरपवर, अन्याय झाला, कारण डब्यात जे असतं ते खरंच चांगलं असतं.

ते काय असतं बघा. बार्ली भिजवतात, मोड आणतात, मोड आले की भट्टीत वाळवतात, हे झालं माल्ट. मग ते भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतात, त्या वेळात दाण्यातले एन्झाइम स्टार्चची साखर करतात, मुख्यतः माल्टोज. इथपर्यंत सगळं बिअरच्या कारखान्यात होतं तसंच. पुढे त्या गोड पाण्यातलं पाणी व्हॅक्यूमखाली कमी तापमानावर उडवून टाकतात आणि काकवीसारखा दाट पाक उरतो, त्यात पाणी जेमतेम २० टक्के. अजून सुकवलं की पावडर. म्हणजे बिअर बनवण्यातलं सगळ्यात किचकट, सगळ्यात जास्त भांडी लागणारं काम दुसऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. स्वस्तात बिअर करायची म्हणतो ती इथे स्वस्त होते. किलोला किलो लावला तर एक्स्ट्रॅक्ट बार्लीपेक्षा महागच पडतो, पण त्या बार्लीसाठी जे मोठं मॅश टन (माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायचं भांडं), गाळणी, भलंमोठं पातेलं, थंड करायची कॉइल लागते त्यातलं काहीच घ्यावं लागत नाही.

(पडद्यावर: स्वयंपाकघर, गॅसवर पातेलं)

पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची एक बॅच धरू. दीड किलोचे दोन डबे साध्या फिकट एक्स्ट्रॅक्टचे, हॉप्स न घातलेले. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घ्या, आठ-दहा लिटर पाणी उकळलं तरी चालतं, बाकीचं पाणी नंतर बादलीत घालायचं. एक्स्ट्रॅक्ट ओतताना गॅस बंद करायचा, हे विसरू नका, नाहीतर तो पाक तळाशी बसतो आणि करपतो. ढवळून विरघळला की परत उकळी आणायची, आणि पहिल्या उकळीला पातेल्यापासून हलायचं नाही कारण फेस एकदम वर येतो.

मग हॉप्स. उकळीच्या सुरुवातीला टाकलेले हॉप्स तासभर शिजतात आणि कडवटपणा देतात, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकलेले वास देतात. अजून एक युक्ती आहे, ती फुकट आहे: सुरुवातीला एकच डबा घालायचा आणि दुसरा शेवटी. सगळा पाक तासभर उकळला की रंग गडद होतो, आणि दाट पाण्यात हॉप्सचा कडवटपणाही कमी उतरतो. दोन्ही त्रास टळतात.

आता पातेलं सिंकमध्ये बर्फात बसवायचं, पटकन थंड करायचं, बादलीत ओतून थंड पाणी घालून १९ लिटर करायचं, मग यीस्ट टाकून झाकण लावायचं, आणि इथून पुढे जे जे बिअरला लागेल ते ते सॅनिटाइझ केलेलं हवं, बादली, झाकण, नळी, चमचा, सगळं. पैसे वाचवायचे तर पातेल्यात वाचवा, बादलीत वाचवा, रिकाम्या बाटल्या मित्रांकडून गोळा करा, पण सॅनिटायझर आणि यीस्ट यात वाचवू नका. साडेअकरा ग्रॅमचं चांगल्या कोरड्या एल यीस्टचं (एल हा बिअरचा एक प्रकार) पाकीट एका बॅचला पुरतं. ब्रेडचं यीस्ट नको.

आणि तापमान! घरगुती बिअर बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. यीस्ट काम करत असताना बादलीत १८ ते २० डिग्री हवं. खोली गरम असेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवा, बर्फाच्या बाटल्या बदलत राहा. गरम झालं की यीस्ट जोरात काम करतं आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, डोकं धरणारे जड अल्कोहोल असलं काहीतरी तयार होतं.

हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीवर, सुरुवातीला १.०४७ च्या आसपास दिसतं, दोनेक आठवड्यांनी १.०१२ च्या जवळ येतं, म्हणजे साधारण साडेचार टक्के अल्कोहोल. आकडा दोन-तीन दिवस जराही हलला नाही तरच बाटल्या भरायच्या. आधी भरल्या तर आत गॅस होत राहतो आणि बाटली फुटते, काचेचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून हे घाई करायचं काम नाही. भरताना सगळ्या बॅचला मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) उकळून घालायचा, त्याने बाटलीत फेस येतो. तपकिरी बाटल्या घ्या, उजेडाने हॉप्स खराब होतात. ३५५ मिलिलिटरच्या पन्नासएक बाटल्या होतात.

(पडद्यावर: १९७० च्या दशकातला कॅलिफोर्निया)

१९३३ मध्ये दारूबंदी उठली, घरच्या वाइनला कायद्यात जागा मिळाली, बिअर मात्र राहून गेली आणि पुढची ४५ वर्षं ती तशीच बेकायदा बनत राहिली. कॅलिफोर्नियाच्या चिको गावात १९७६ ला केन ग्रॉसमन यांनी घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान काढलं होतं, तेव्हाही कायदा बदललेला नव्हता. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरच्या बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन, करमुक्त, फक्त विकायची नाही. ग्रॉसमन यांनी पुढे सिएरा नेवाडा ब्रुअरी उभी केली. राज्यांचे कायदे वेगळे होते, अलाबामा आणि मिसिसिपी तर २०१३ ला परवानगी द्यायला तयार झाले.

हा व्हिडिओ पुण्यात-नाशिकमध्ये बघत असाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. तिकडे न्यू जर्सीत, बे एरियात राहणाऱ्या आपल्या लोकांना तो प्रश्न नाही.

त्यांच्यासाठी खर्चाचं शेवटचं. द्रव एक्स्ट्रॅक्ट जुना झाला की काळपट होतो आणि चवीत एक शिळेपणा येतो, म्हणून धूळ बसलेला स्वस्त डबा घेऊ नका, ज्या दुकानात माल पटापट खपतो तिथून सुटा घ्या, तो डब्यापेक्षा स्वस्तही पडतो. आणि ज्या दिवशी बाटल्या भराल त्याच दिवशी दुसरी बॅच उकळायला ठेवा, कारण पहिल्या बादलीच्या तळाशी जो यीस्टचा गाळ उरतो त्यातला कपभर निर्जंतुक बरणीत काढला की नवीन पाकीट घ्यायला लागत नाही, फक्त तीन-चार बॅचनंतर परत ताजं पाकीट वापरा.