हात घरात, थेरपिस्ट पडद्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

तुमचा एखादा हात आत्ता मोकळा असेल, तर अंगठा आणि तर्जनीची चिमूट करा. त्या चिमटीत शर्टाचं बटण आहे असं समजा. ते काजात घालताना दुसरा हात काज ताणून धरतो, बटण आडवं वळतं, पलीकडून बोटं त्याला ओढून घेतात. डोळे भलतीकडे असले तरी बटणाची कड बोटांना बरोबर सापडते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या कितीतरी माणसांची सकाळ नेमकी इथेच अडते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारामुळे अडलेली रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून माणसांबरोबर बसणं हे माझं काम. आज मला बोलायचंय ते या हाताबद्दल, आणि घरबसल्या व्हिडिओ कॉलवरून त्यावर काय करता येतं त्याबद्दल.

आजाराची ओळख थोडक्यात करून देते. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते. आवरण गेलं की निरोप रेंगाळतात, कधी वाटेतच विरतात. आजार बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून अधिक दिसतो. म्हणजे ज्या वयात हातांवर सगळ्यात जास्त भार असतो, त्याच वयात.

'हात चालत नाही' असं सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाचा हात वेगळ्या कारणाने चालत नसतो. कुणाची ताकद गेलेली असते. झाकण फिरत नाही, पिशवी धरवत नाही. कुणाची ताकद शाबूत असते, पण हात थरथरतो, आणि कप ओठांजवळ येईल तशी थरथर वाढते. कुणाचा हात दिसायला एकदम धडधाकट, पण बधिर. असा माणूस कप घट्ट धरतो, बोलता बोलता खिडकीकडे बघतो आणि कप पडतो. नजर होती तोवरच पकड होती. या तिघांना एकच रबरी चेंडू देऊन 'दाबत राहा' म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. पहिल्याला हळूहळू वाढत जाणारा भार हवा. दुसऱ्याला कोपर टेबलावर टेकवून, हात शरीराजवळ ठेवून काम करायला शिकवावं लागतं. तिसऱ्याला डोळ्यांनी बोटांचं काम करायला शिकायचं असतं. गरम भांडं किती गरम आहे हे त्याच्या त्वचेला कळत नाही, म्हणून सवयीने आधी बघायचं, मग धरायचं.

हाताकडे दुर्लक्ष का झालं, याचं एक कारण मोजमापात आहे. एमएसमुळे आलेलं अपंगत्व मोजायला जगभर ईडीएसएस नावाची मोजपट्टी वापरतात. कुर्ट्झके या डॉक्टरांनी ती 1983 मध्ये मांडली. शून्य ते 10 असे गुण, आणि 4 च्या पुढे बराच काळ ते ठरतात माणूस किती चालतो यावरून. चालणं महत्त्वाचं आहेच. पण पावलं ठीक पडतात म्हणून कागदावर बरी दिसणारी बाई स्वतःची सही करू शकत नसेल, तर त्या आकड्याने मला काय सांगितलं? हातासाठी वेगळी चाचणी आहे. पाटीवर नऊ भोकं, शेजारी नऊ खुंट्या. एकेक खुंटी भोकात बसवायची, मग एकेक काढून परत ठेवायची, आणि घड्याळ लावायचं. निरोगी तरुण माणसाला साधारण 20 सेकंद पुरतात. वेळेत 20 टक्क्यांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात. तुमच्या पुढच्या तपासणीत हाताचं असं मोजमाप झालं नाही, तर जरूर विचारा.

आता घरबसल्या उपचारांकडे येते. पूर्वी मला वाटायचं, समोरासमोर भेट हाच खरा उपचार आणि व्हिडिओ कॉल म्हणजे नाइलाज. एका बाईंनी माझं मत बदललं. दवाखान्यात त्या यायच्या तेव्हा प्रवासानेच अर्ध्या गळालेल्या असायच्या. एमएसचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही, आणि त्या थकलेल्या हाताची मी परीक्षा घेत होते! पुढे कॉल सुरू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला आणि स्वतःच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. मला दिसलं की बोटं अडली की उजवा खांदा कानाकडे जातोय आणि कंबर वाकतेय. बोटांची उणीव खांदा भरून काढत होता, म्हणून तो दुखत होता. दवाखान्यातल्या सरावाच्या बटणपट्टीवर हे मला कधी दिसलंच नव्हतं, कारण ती पट्टी टेबलावर सपाट असते आणि शर्ट अंगावर असतो.

म्हणून कॉलला बसताना चेहरा दिसला नाही तरी चालेल. कॅमेरा थोडा उंचावर आणि बाजूला ठेवा. टेबल, दोन्ही हात आणि खांदे दिसू द्या. उजेड समोरून यावा. आणि व्यायामाचं साहित्य विकत आणण्याआधी घरातल्या त्या तीन वस्तू जवळ घ्या, ज्या तुम्हाला रोज छळतात.

सराव थोडा, पण रोज. दहा मिनिटं, मध्ये विसावा, मग पुन्हा दहा. ताकद टिकून असते अशा वेळी करा. दिवस संपता संपता उरलेल्या शक्तीवर नको. खोली गार ठेवा. शरीर तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. 1890 मध्ये ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी हे नोंदवलं होतं, व्यायामानंतर रुग्णांची नजर अंधूक होत होती. सरावानंतर हात जड झाला आणि गार झाल्यावर पूर्ववत झाला, तर घाबरू नका. पण नवीन अशक्तपणा किंवा बधिरपणा 24 तासांपेक्षा जास्त टिकला, तर पुढच्या कॉलची वाट बघू नका, न्यूरॉलॉजिस्टना कळवा. आजाराने पुन्हा उचल खाल्लेली असू शकते.

पडद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्नायू किती ताठरलाय हे मला हात हातात घेतल्याशिवाय कळत नाही. संवेदनाही दुरून नीट तपासता येत नाही. म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी आणि मधूनमधून पुन्हा व्हावी, असा माझा आग्रह असतो. 2015 मध्ये कॉक्रेन संस्थेने एमएसमधल्या दूरस्थ पुनर्वसनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारे जेमतेम नऊ अभ्यास निघाले आणि पुरावा कच्चा ठरला. त्यामुळे मायलिन भरून येईल असं वचन कुणी देत असेल, तर त्याच्यापासून लांब राहा. सराव मेंदूला उरलेल्या वाटा वापरायला शिकवतो, आणि माझ्या लेखी ते थोडं नाही.

जाता जाता घरातल्या मंडळींना एक विनंती. बटण अडलं की तुमचा हात आपोआप पुढे जातो, मायेनेच जातो. सकाळची घाई मला कळते. त्या घाईत खुशाल लावून द्या. पण निवांत दिवशी दहा मिनिटं हात मागे बांधून शेजारी बसा. बटण निसटेल, पुन्हा निसटेल. 'दे, मी लावतो' म्हणू नका. 'लावू का?' असं विचारा, आणि उत्तर 'नको' आलं तर तसेच बसून राहा.

नमस्कार.