उड्या नसलेला व्हॉलीबॉल

श्रोतेहो, नमस्कार.

व्हॉलीबॉल म्हटले की जाळ्याच्या वर झेपावून चेंडू समोरच्या अर्ध्यात आदळणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. हा खेळ ज्या माणसाने शोधला, त्याला मात्र असे काही अपेक्षित नव्हते. धसमुसळेपणा टाळावा म्हणूनच तर त्याने तो काढला होता.

त्याचे नाव विल्यम मॉर्गन. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक नावाचे, त्या काळी कागदगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. तेथील वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेत मॉर्गन १८९५ साली शारीरिक शिक्षणाचे संचालक म्हणून आले. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये त्यांचे शिक्षण झाले होते आणि तेथेच १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल जन्माला घातला होता. तरुणांनी तो खेळ डोक्यावर घेतला. परंतु मॉर्गन यांच्याकडे येणाऱ्या वर्गात व्यापारी, व्यावसायिक अशी मध्यमवयीन मंडळीही होती. दिवसभराच्या कामानंतर त्यांना व्यायाम हवा होता, धक्काबुक्की नको होती.

मॉर्गन यांनी प्रथम टेनिसचा विचार केला. त्यासाठी रॅकेटी आणि इतर बरेच साहित्य लागते, म्हणून ती कल्पना त्यांनी सोडली. जाळे मात्र ठेवले. सामान्य उंचीच्या माणसाच्या डोक्याच्या किंचित वर येईल अशा बेताने, म्हणजे साडेसहा फुटांवर, त्यांनी ते बांधले. एकदा दोन्ही बाजूंमध्ये जाळे आले की अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच मिटतो, आणि माझ्या मते या खेळाचे सारे वेगळेपण या एका निर्णयात आहे. चेंडूने मात्र त्यांना बराच त्रास दिला. बास्केटबॉल हातांना जड वाटे, तर त्याच्या आतला रबरी ब्लॅडर नुसताच उडवावा तर तो फार हलका आणि मंद पडे. अखेर त्यांनी स्पॉल्डिंग कंपनीकडून नवा चेंडू बनवून घेतला. आत रबर आणि वर कातडे असलेल्या या चेंडूचे वजन नऊ ते बारा औंस, म्हणजे साधारण २५५ ते ३४० ग्रॅम, ठरले. आजचा चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा असतो, यावरून त्यांचा अंदाज किती नेमका होता हे लक्षात येते.

खेळाचे मूळ नाव होते मिन्टोनेट. १८९६ साली स्प्रिंगफील्ड येथे शारीरिक शिक्षकांच्या परिषदेत मॉर्गन यांनी पाच-पाच जणांचे दोन संघ उतरवून प्रात्यक्षिक दाखवले. एका संघाचे कप्तान होल्योकचे महापौर होते, तर दुसऱ्याचे तेथील अग्निशमन दलाचे प्रमुख, आणि खेळ कोणासाठी होता हे सांगायला एवढे पुरेसे आहे! प्रात्यक्षिक पाहून प्राध्यापक आल्फ्रेड हॉलस्टेड यांनी व्हॉलीबॉल हे नाव सुचवले आणि तेच टिकले.

त्या वेळचे नियम आज वाचताना गंमत वाटते. खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नव्हती. बेसबॉलप्रमाणे एकूण नऊ डाव खेळले जात. पहिली सर्व्हिस चुकली तर टेनिससारखी दुसरी संधी मिळे आणि जाळ्याकडे चाललेली सर्व्हिस सहकाऱ्याने मध्येच टोलवून पलीकडे घालवली तरी चाले. एका बाजूने चेंडू कितीही वेळा उडवला तरी हरकत नसे. अशा खेळात घाम निघत असेल, पण चुरस फारशी वाढली नसावी.

ती चुरस आली आशियातून. वायएमसीएच्या शिक्षकांनी हा खेळ देशोदेशी नेला. १९१० साली एलवूड ब्राउन यांच्याबरोबर तो फिलिपिन्सला पोहोचला. एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी घेऊन तो खाली हाणायचा, ही चाल तेथील खेळाडूंनी १९१६ च्या सुमारास रूढ केली. या फटक्याला ते बोम्बा म्हणत. आपल्याकडे बूस्टर आणि स्मॅशर अशी जी जोडी असते, तिचे मूळ येथे आहे. होल्योकने खेळाला जाळे आणि चेंडू दिला हे खरेच. पण आज आपण ज्याला व्हॉलीबॉल म्हणतो तो निम्मा तरी फिलिपिन्सच्या मनिलाचा आहे, आणि त्याचे श्रेय घेणारे एक ठरावीक नाव नसल्यामुळे ते सहसा दिले जात नाही. पुढे नियमही त्या चालीला साजेसे झाले: १९१८ साली संघात सहा खेळाडू ठरले आणि १९२० च्या सुमारास तीन स्पर्शांची मर्यादा आली.

आशियाने मात्र सहाचा आकडा लगेच स्वीकारला नाही. त्याआधी, १९१३ साली, मनिलात भरलेल्या अतिपूर्वेकडील देशांच्या स्पर्धेत प्रत्येक बाजूला सोळा खेळाडू होते. पुढे नऊ जणांचा खेळ रुळला. पॅरिस येथे १९४७ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९४९ साली प्राग येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, तरीही तोक्योच्या १९५८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सहा जणांचे आणि नऊ जणांचे असे दोन्ही प्रकार खेळवावे लागले. सहा जणांच्या प्रकारात भारताने त्या वर्षी कांस्यपदक आणि १९६२ साली जाकार्ता येथे रौप्यपदक मिळवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६४ साली, तोक्यो येथे हा खेळ प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आला आणि महिलांचे पहिले सुवर्णपदक जपानने पटकावले. मॉर्गन यांचे निधन त्याआधीच, १९४२ साली झाले होते.