पॉइंट रॉबर्ट्स: रेघेखाली उरलेलं गाव

पॉइंट रॉबर्ट्सला समुद्राच्या कड्यावर एक दगडी स्तंभ उभा आहे. अमेरिका आणि कॅनडामधली एकोणपन्नासाव्या अक्षांशाची सरळ सीमा इथे मुख्य भूमी सोडून पाण्यात उतरते.

१८४६ च्या तहात अमेरिका आणि ब्रिटनने ही सीमा मान्य केली. नकाशावर पट्टी ठेवून ओढावी तशी. कॅनडाच्या बाजूने खाली आलेल्या एका द्वीपकल्पाचं टोक त्या रेघेखाली उरलं, जेमतेम बारा-तेरा चौरस किलोमीटर. तेच पॉइंट रॉबर्ट्स. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला परदेश!

गाव वॉशिंग्टन राज्याच्या व्हॉटकम काउंटीत मोडतं. इथे नगरपालिका नाही, महापौर नाही. आपल्याकडच्या सरपंचासारखंही कुणी नाही. कारभार काउंटीचा, आणि काउंटीचं मुख्यालय बेलिंगहॅमला, म्हणजे खाडीपलीकडे. गाडीने जायचं तर आधी कॅनडात शिरायचं, मग पुन्हा अमेरिकेत.

गावातली शाळा अगदी लहान मुलांपुरती. मोठी मुलं बसने सुमारे ४० किलोमीटरवरच्या ब्लेनला जातात. जाताना दोनदा सीमा, येताना दोनदा. आपल्या पोरांना एक टोलनाकासुद्धा लांबचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइसलँडची कुटुंबं इथे येऊन राहिली. तेव्हा सॅमन मासे डबाबंद करणारे कारखाने होते. ते गेले. आता गावाचं पोट भरतं ते कॅनडाच्या गिऱ्हाइकावर. सगळी अमेरिका पेट्रोल गॅलनने विकते, इथल्या पंपांवर मात्र लिटरचा भाव. पार्सलची दुकानंही त्यांच्यासाठीच: अमेरिकी पत्त्यावर मागवलेला माल न्यायला कॅनडावाले येतात. उन्हाळ्यात बंगले उघडतात, त्यांतले कितीतरी कॅनेडियन मालकांचे, आणि गाव कित्येक पटींनी फुगतं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाली. पंप ओस, दुकानं ओस. बेलिंगहॅमला जायला पुढे खास फेरीबोट सुरू करावी लागली.

त्याच वर्षी अमेरिकेची जनगणना होती. मोजणीचा दिवस १ एप्रिल, म्हणजे सीमा बंद होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. २०१० मध्ये इथे १,३१४ माणसं होती. या खेपेला भरली १,१९१.

त्या सगळ्या काळात गावाच्या नळाला पाणी येत होतं. तेही कॅनडातून, विकत घेतलेलं.