वीस वर्षांचं देऊळ

[दृश्य: नदीवरचा लाकडी पूल, सकाळची वर्दळ]

जपानच्या मिए प्रांतातलं इसे शहर. इसुझु नदीवरचा हा उजी पूल ओलांडला की सुरू होतं नाइकू, सूर्यदेवी अमातेरासुचं देवस्थान. उंच झाडांमधली वाट संपते ती थेट एका कुंपणापाशी. त्याच्या आत सामान्य भाविकाला प्रवेश नाही. दिसतो तो फक्त गवताने शाकारलेल्या छपराचा उतार आणि त्यावर आडवे ठेवलेले दहा ओंडके.

शेजारी तेवढीच मोठी मोकळी जागा आहे. पांढरे गोटे अंथरलेली, मध्ये एक चिमुकली लाकडी खोपटी. २०३३ साली या जागेवर नवं देऊळ उभं असेल. सूर्यदेवी तिकडे राहायला जाईल आणि आजचं देऊळ उतरवलं जाईल.

याला म्हणतात शिकिनेन सेंगू. दर वीस वर्षांनी नाइकू आणि अन्नदेवता तोयोउकेचं गेकू, दोन्ही देवळं नव्याने बांधायची. पहिला सोहळा झाला इ.स. ६९० मध्ये, सम्राज्ञी जितोच्या काळात. २०१३ चा बासष्टावा. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात मूर्ती बदलते. इथे देवीचं प्रतीक असलेला आरसा तोच राहतो, घर बदलतं.

[दृश्य: छपराचा आणि जमिनीत रोवलेल्या खांबाचा जवळून शॉट]

पण वीसच वर्षं का? कारण कुठेही लिहून ठेवलेलं नाही. हे खांब दगडी जोत्यावर उभे नाहीत, थेट मातीत रोवलेले आहेत. ते कुजणारच, असं कुणी सांगतं. कुणी म्हणतं, उमेदवार सुतार पहिल्या सोहळ्यात शिकतो, दुसऱ्यात काम सांभाळतो, तिसऱ्यात शिकवतो. हिशोब छान जुळतो, पण मागाहून जुळवल्यासारखा वाटतो. कारण टिकाऊ बांधकाम जपान्यांना येत नव्हतं, असं मुळीच नाही. नारा प्रांतातलं होर्यूजी हे बौद्ध मंदिर साधारण याच काळातलं, इसेसारखंच हिनोकीच्या म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचं. दगडी जोत्यावरचं ते मंदिर आजही उभं आहे. म्हणजे इसेमध्ये मातीत खांब रोवणाऱ्यांना दुसरी रीत माहीत होती. तरी त्यांनी हीच धरून ठेवली.

[दृश्य: किसोचं जंगल, कुऱ्हाडींचा आवाज]

एका सोहळ्याला सुमारे दहा हजार हिनोकी लागतात. त्यातले बहुतेक मध्य जपानमधल्या किसोच्या डोंगरांतून येतात. जून २०२५ मध्ये तिथल्या आगेमात्सु गावाजवळ पुढच्या सोहळ्यासाठी पहिली झाडं तोडली गेली. यंत्राचा करवत नाही, कुऱ्हाडी. पांढऱ्या वेषातले लाकूडतोडे तीन बाजूंनी बुंधा पोखरत आत जातात. मधला गाभा निघून जातो आणि तीनशे वर्षांचं झाड लाकडाच्या तीन पायांवर तोललेलं राहतं. मग आरोळी उठते: झाड आडवं होतंय! मागचा पाय तोडला जातो. झाड ठरलेल्या दिशेलाच पडतं. लगेच त्याच्या शेंड्याची फांदी बुंध्यात खोचतात आणि डोंगरदेवतेला नमस्कार करतात.

देवळाबरोबर देवीचा संसारही नवा होतो. वस्त्रं, तलवारी, आरसे, मागाची अवजारं. ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू, सगळ्या हाताने घडवलेल्या. एका तलवारीच्या मुठीला तोकी पक्ष्याची गुलाबी छटेची पिसं लागतात, आणि जपानच्या रानातून तोकी विसाव्या शतकात नाहीसा होत गेला. आता त्याची पैदास करून त्याला पुन्हा रानात सोडतात. उतरवलेल्या जुन्या वस्तू एकेकाळी जाळत किंवा पुरत, देवीचं ते माणसाच्या वापरात येऊ नये म्हणून.

[दृश्य: काळोख, मग मशालींची रांग]

२ ऑक्टोबर २०१३, रात्रीचे आठ. दिवे मालवलेले. एक पुरोहित कोंबड्याची बांग देतो: काकेको, काकेको, काकेको. पांढऱ्या रेशमी पडद्याआड देवी नव्या घराकडे निघते. कॅमेऱ्याला त्यातलं फारसं काही टिपता येत नाही, आणि ते बरंच आहे.

[दृश्य: जुनी चित्रं]

'तेराशे वर्षांची अखंड परंपरा' असं इसेबद्दल हमखास ऐकू येतं. ती अखंड नाही. पंधराव्या शतकात यादवी पेटली, दरबाराची तिजोरी रिकामी झाली आणि सोहळा थांबला. नाइकूमध्ये १४६२ नंतर थेट १५८५. गेकूमध्ये १४३४ नंतर १५६३. सव्वाशे वर्षं! ज्यांनी आधीचा सोहळा पाहिला होता, असं कुणी उरलंच नव्हतं.

खंडित झालेलं काम पुन्हा सुरू झालं त्यात मोठा वाटा होता बौद्ध भिक्षुणींचा. केइकोइन मठाच्या सेइजुन हिने गावोगाव वर्गणी मागून आधी उजी पूल बांधवला, मग १५६३ चा सोहळा घडवून आणला. तिच्यामागून आलेल्या शूयोने १५८५ चा; त्याला नोबुनागा आणि हिदेयोशी या बलाढ्य सरदारांचाही पैसा मिळाला. जपानच्या मूळ शिंतो धर्माचं सर्वांत थोर देवस्थान, आणि त्यासाठी झोळी घेऊन हिंडल्या बुद्धाच्या भिक्षुणी. माझ्या मते, या साऱ्या इतिहासातली सर्वांत सांगण्याजोगी गोष्ट हीच.

पुढे महायुद्धातल्या पराभवानंतर सरकारी पैसा बंद झाला. १९४९ चा सोहळा लोकांच्या देणग्यांवर १९५३ मध्ये पार पडला.

[दृश्य: रोपं, मग पुलाच्या टोकाची तोरी कमान]

लाकडाची तजवीजही आता देवस्थानच करतं आहे. १९२३ मध्ये त्याने स्वतःच्या जंगलासाठी दोनशे वर्षांची योजना आखली. २०१३ मध्ये सुमारे पाव लाकूड तिथूनच आलं.

आणि जुनं लाकूड? ते देशभरच्या देवस्थानांना वाटलं जातं. आढ्याला आधार देणारे मुख्य खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी कमानींसाठी तासले जातात. वीस वर्षांनी त्याच कमानी कुवाना आणि सेकी या गावांत, इसेच्या जुन्या यात्रामार्गावर, आणखी वीस वर्षं उभ्या राहतात.