घड्याळाला चढ कसा कळतो?

नमस्कार श्रोतेहो. पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्यांच्या मनगटावर आता जीपीएसचं घड्याळ हमखास दिसतं. पायथ्यापासून माथा तीनेक किलोमीटर, पण चढ 500 मीटरहून जास्त. नुसतं अंतर बघून याची सपाटीवरच्या तीन किलोमीटरशी बरोबरी केली, तर तो आपल्याच पायांवर अन्याय. म्हणून चढाईचा आकडा येतो कुठून, हे गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आपण कुठे आहोत हे घड्याळ उपग्रहांवरून ओळखतं. पण ते सगळे उपग्रह डोक्यावरच्या आकाशात. पायाखालून संदेश देणारा एकही नाही. त्यामुळे जागेपेक्षा उंचीचा अंदाज जास्त चुकतो. यासाठी बऱ्याच घड्याळांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरही बसवलेला असतो. सिंहगडाच्या उंचीला साधारण 9 मीटर चढलं की दाब 1 हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. हा बारीकसा फरक त्याला लगेच टिपता येतो.

गंमत अशी, की दाब आपोआपही बदलतो. आपल्याकडे तो रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या आसपास उतरलेला. स्वच्छ हवेतही हा फरक 3-4 हेक्टोपास्कलचा होतो. तेवढ्यात टेबलावर पडून असलेलं घड्याळ 30-35 मीटर वर गेल्याचं दाखवू शकतं! ढग भरून आले की आणखी घोळ.

तेव्हा निघण्याआधी ठाऊक असलेल्या उंचीला घड्याळ जुळवून घ्या. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लोणावळ्याला उतरून ट्रेकला जाणाऱ्यांना ती फार उपयोगी. सुरुवात करण्यापूर्वी मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबून उपग्रहांचा सिग्नल पक्का मिळू द्या. झाडीत किंवा कड्याला लागून तो भरकटतो.

चढावर किलोमीटरमागचा वेळ बघत धावू नका. तिथे नाडीचे ठोके पाहा, आणि आठवड्याची एकूण चढाई हळूहळूच वाढवा. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, त्यामुळे उताराचाही आकडा नोंदवत जा.

आणि हो, पावसाळी ट्रेकनंतर घड्याळ साध्या पाण्याने धुवा. बॅरोमीटरच्या छिद्रात घाम आणि चिखल साचला की उंची अडकून बसते. त्यात टाचणी मात्र घालू नका, आतला सेन्सर कायमचा जाईल.