रेषा कुठे आखायची?

(दृश्य : ग्रंथालयातले लोखंडी रॅक. एक हात जाड बांधीव खंड ओढून काढतो, टेबलावर ठेवतो.)

१९७१ सालचा हा खंड. एका साप्ताहिकाचे वर्षभराचे अंक एकत्र बांधलेले. २ जानेवारीच्या अंकात एक लेख सुरू होतो आणि त्या अंकात संपत नाही. उरलेला भाग ९ जानेवारीला. साप्ताहिक मुंबईचं, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’. लेखक दोघंही पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले : वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. विषय, भारतातलं दारिद्र्य.

तारखा जरा लक्षात घ्या. डिसेंबरअखेर लोकसभा विसर्जित झाली होती. मार्चमध्ये मतदान व्हायचं होतं. प्रचाराची घोषणा होती ‘गरिबी हटाव’. आता गरीब कोणाला म्हणायचं आणि असे गरीब किती, हा हिशेब काही जाहीर सभेत मांडता येत नाही. तो या पानांवर होता.

(दृश्य : तक्त्याचा क्लोजअप. बोट एका आकड्यावर थांबतं.)

हिशेब असा. माणसाला दिवसाला साधारण २,२५० कॅलरी लागतात असं धरलं. मग सरकार निवडक घरांच्या खर्चाची जी राष्ट्रीय नमुना पाहणी करतं, तिच्या नोंदींत शोधलं, की एवढं अन्न ज्या घरात येतं, त्या घराचा एकूण खर्च किती? एकूण म्हणजे धान्यासकट कापड, सरपण, रॉकेल, सगळं. उत्तर आलं : १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या खर्चाच्या खाली खेड्यांतले ४० टक्के लोक होते आणि शहरांतले ५० टक्के.

रेषा काही यांनीच पहिल्यांदा आखली असं नाही. १९६२ साली एका कार्यगटाने माणशी २० रुपये हा किमान खर्च सुचवला होता. त्या गटात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. पण त्या २० रुपयांत आरोग्य आणि शिक्षण धरलेलं नव्हतं, ते सरकार पुरवेल असं गृहीत होतं. पुढची सगळी वर्षं चर्चा झाली ती रुपयांची. गृहीतकाकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही.

(दृश्य : संस्थेचं आवार. दगडी इमारत, वडाचं झाड. सकाळचं ऊन. वाचनालयात शिरणारे विद्यार्थी.)

ही गोखले संस्था. स्थापना १९३०, रावबहादूर काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या आवारात. पहिले संचालक गाडगीळ. काळ्यांच्या नावाने इथे दरवर्षी एक व्याख्यान होतं. २९ जानेवारी १९३९ रोजी ते पुण्याच्या गोखले हॉलमध्ये झालं. वक्ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय त्या घडीचा सगळ्यात तापलेला : ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यातलं संघराज्य स्वीकारायचं की नाही. संस्थानिक आपली माणसं नेमून पाठवणार, प्रांतांतून मात्र लोकांचे प्रतिनिधी येणार, आणि या दोघांनी मिळून केंद्रात बसायचं. बाबासाहेबांनी ही योजना कलमागून कलम उलगडून नाकारली. अभ्यासकाने राजकारणावर बोलू नये, असं आज ज्यांना वाटतं त्यांनी ते व्याख्यान वाचावं. छापील आहे, मिळतं.

(दृश्य : दोन जुनी छायाचित्रं, पडद्यावर शेजारी शेजारी.)

डावीकडे दांडेकर. उजवीकडे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. दोघंही सातारा जिल्ह्यातले, दोघंही मूळचे संख्याशास्त्रज्ञ. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला जवळजवळ दोन दशकं होते. १९७० नंतर पुण्याला परतले, आणि दारिद्र्यरेषेवर त्यांनी आक्षेप घेतला.

आक्षेप साधा वाटतो, पण खोल आहे. २,२५० ही सरासरी गरज. सरासरी म्हटली की निरोगी माणसांतलीही निम्मी माणसं तिच्या खाली असणारच. शिवाय एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. शरीर कमी-जास्त अन्नाशी जुळवून घेतं. तेव्हा सरासरीला रेषा मानलं तर धडधाकट माणूसही उपाशी म्हणून मोजला जातो. सुखात्म्यांचं म्हणणं, रेषा सरासरीच्या बरीच खाली, संख्याशास्त्राच्या भाषेत दोन प्रमाण विचलनं खाली धरा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप). ती तिथे नेली की उपाशी माणसांचा आकडा एकदम उतरतो. आणि अन्न अंगी लागायचं तर आधी स्वच्छ पाणी हवं, आतड्यांचे आजार थांबायला हवेत, हेही ते बजावून सांगत.

दांडेकरांचं उत्तर : मी कुपोषण मोजतच नाही, राहणीमान मोजतोय. कॅलरी ही फक्त खूण आहे. त्या खर्चाच्या पातळीखालचं घर सुदृढ असेलही, पण म्हणून ते गरीब नाही असं कसं म्हणता?

(दृश्य : अंकांची पानं एकामागून एक. लेख, त्यावर उत्तर, उत्तरावर प्रत्युत्तर. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

हा वाद बंद खोलीत झाला नाही. छापून झाला. एकाने सूत्र मांडलं की दुसरा ते घेऊन बसे आणि त्यात खोट काढी. एकाच्या रेषेने देशातले कोट्यवधी लोक गरीब ठरत होते, दुसऱ्याच्या रेषेने त्यांतले बरेच सुटत होते. आणि कोणाच्या सोयीचा आकडा कोणता, हे दोघांनाही कळत होतं. तरी मुद्दा मापाचाच राहिला. आजच्या रात्रीच्या चर्चांमध्ये आठ चौकटींतून आठ जण एकदम बोलतात, त्यांत एखादा प्राध्यापकही असतो. त्याला किती वेळ मिळतो, हे एकदा घड्याळ लावून बघण्यासारखं आहे.

(दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं, सप्टेंबर २०११.)

मग हे ३२ रुपये. शहरात दिवसाला ३२, खेड्यात २६. यापेक्षा जास्त खर्च करणारा गरीब नाही, असं नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. देशभर संताप उसळला. रेषेला नाव अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकरांचं, कारण पद्धत त्यांच्या समितीची. तेंडुलकर जूनमध्येच वारले होते. उत्तर द्यायला ते नव्हते.

त्यांच्या समितीने प्रत्यक्षात काय केलं होतं? २००९ च्या अहवालात त्यांनी कॅलरीचा आधार सोडला. शहरी गरीब घरं जे विकत घेतात तेच खेड्यालाही लावलं, किमती तिथल्या धरल्या. त्याने २००४-०५ ची खेड्यातली रेषा महिन्याला ३५६ रुपयांवरून ४४७ वर गेली. ग्रामीण गरिबी २८.३ टक्क्यांची ४१.८ झाली, देशाची २७.५ ची ३७.२. पाहणी तीच, वर्ष तेच, घरं तीच. ज्याने रेषा वर नेली त्याच्याच नावावर कंजूषपणा चिकटला.

आणखी एक. समितीचा हिशेब होता माणशी आणि महिन्याचा. २०११ च्या किमतींनी शहरात ९६५ रुपये. त्याला तिसाने भागलं की ३२ येतात, आणि ३२ रुपयांत दिवस कसा काढायचा, असा प्रश्न लगेच तोंडावर फेकता येतो. तोच आकडा पाच जणांच्या घराचा, महिन्याचा सांगितला असता तर ४,८२५ रुपये झाला असता. तोही तोकडाच. पण मग भांडण घरभाडं, औषधं, शाळेच्या फीवर झालं असतं, आणि ते व्हायला हवं होतं.

(दृश्य : रास्त भाव दुकानासमोरची रांग. हातातली पिवळी आणि केशरी कार्डं. एक वृद्ध बाई अंगठा पुन्हा पुन्हा यंत्रावर टेकवते. फक्त मूळ आवाज.)

गरिबीच्या या अंदाजांवरून राज्यांना धान्याचा इष्टांक, म्हणजे ठरलेला वाटा, मिळत गेला, त्यावरून याद्या झाल्या. कोणाचं नाव आलं, कोणाचं राहिलं.

(दृश्य : रोजगार हमीच्या कामाची जुनी छायाचित्रं. पाझर तलाव, डोक्यावर पाट्या.)

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दांडेकर आणि रथ यांच्या लेखाचा निष्कर्षही मजुरीच्या कामाकडेच जाणारा होता. रथ तिथे थांबले नाहीत. १९८५ मध्ये त्यांनी केंद्राच्या कर्ज आणि अनुदानाच्या कार्यक्रमाची तपासणी केली. गरिबाच्या दारात म्हैस बांधली म्हणजे गरिबी हटते का, हा प्रश्न त्यांनी आकडेवारीनिशी विचारला, सरकार कोणाचं आहे याची फिकीर न करता.

(दृश्य : छोटं सभागृह. मंचावर चार अभ्यासक. एक जण लॅपटॉपवरचा आलेख दाखवतो. मागच्या रांगेतली मुलं वहीत उतरवून घेताहेत.)

आजचा वाद वेगळ्या जागी आहे. आता प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरच बोलणं चाललंय. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नाचा खर्च गेल्या सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, असा दोन्ही एकाच बैठकीत विचारला गेला. माणूस दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळवून सांगतो. गरिबीचा आकडा २६ टक्क्यांवर आला, आणि गरिबी खरंच घटली की प्रश्नामुळे घटली, यावर पुढची कित्येक वर्षं लेख लिहिले गेले. २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ च्या पाहणीत प्रगणक एका घरी एका भेटीऐवजी तीन भेटी देऊ लागले : एकदा अन्न, एकदा रोजच्या वस्तू आणि सेवा, एकदा टिकाऊ सामान. फुकट मिळालेलं धान्य वेगळं नोंदलं. लोक न थकता उत्तरं देतात, त्यामुळे खर्च जास्त नोंदला जातो असं एक म्हणणं. असं असेल तर २०११-१२ शी तुलना कशी करायची, हा त्यावर दुसऱ्याचा सवाल. मंचावर हेच चाललंय. टाळ्यांचं वाक्य अजून एकही आलेलं नाही.

देशाची नवी अधिकृत रेषा तेंडुलकरांनंतर ठरलेली नाही. रंगराजन समितीने २०१४ मध्ये शहराला दिवसाला ४७ आणि खेड्याला ३२ रुपये सुचवले. अहवाल स्वीकारला गेला नाही. २०२५ च्या जूनमध्ये जागतिक बँकेने आपली रेषा दिवसाला तीन डॉलरवर नेली. त्या रेषेने, २०२२-२३ च्या याच पाहणीवरून, भारतात अतिगरीब ५.३ टक्के. बँकेचीच निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीची दुसरी रेषा आहे, ४.२० डॉलरची. तिच्याखाली २३.९ टक्के. मथळ्यात पहिला आकडा आला.