उलटं ट्युलिप आणि चाळीस झरे

एदिर्ने शहरातल्या सेलिमिये मशिदीत पाऊल टाकलं की माणसाची मान आपोआप वर जाते. ३१ मीटरांहून अधिक व्यासाचा घुमट डोक्यावर असताना दुसरीकडे कोण बघेल? पण आज मी तुम्हांला आधी खाली बघायला सांगणार आहे. घुमटाच्या बरोबर मधोमध, बारा ठेंगण्या संगमरवरी खांबांवर उभारलेला एक मंच आहे. नमाजाच्या वेळी मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, तिथे असतात. त्यातल्या कोपऱ्यातल्या एका खांबावर, सहज नजर जाणार नाही अशा जागी, ट्युलिपचं छोटंसं फूल कोरलेलं आहे. देठ वर, पाकळ्या खाली.

एदिर्नेचे लोक त्याची गोष्ट सांगतात. मशिदीसाठी निवडलेल्या जागेवर एका बाईची ट्युलिपची बाग होती. सुलतानाची माणसं आली, पैसे देऊ केले, बाई ऐकेना. अखेर कबूल झाली ती एका अटीवर: माझ्या बागेची खूण मशिदीत राहिली पाहिजे. वास्तुकार सिनाननं शब्द पाळला. बाग होती म्हणून फूल कोरलं, आणि बाई हट्टी होती म्हणून ते उलटं कोरलं. कुणी सांगताना बाईच्या जागी म्हातारा बागवान आणतात, पण हट्ट मात्र कुणीच गाळत नाही.

ही गोष्ट घडलीच, असं मी म्हणणार नाही. पण एखादं शहर कुठली गोष्ट जपतं, यावरून मला ते शहर कळतं. मशीद बांधली उस्मानी, म्हणजे ऑटोमन, सुलतान दुसऱ्या सलीमनं, बादशाही खजिन्यातून, आणि लोकांनी गोष्ट लक्षात ठेवली ती त्याला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईची. एदिर्नेवर माझा जीव जडला तो इथे.

हे शहर आहे कुठे? तुर्कस्तानच्या पार पश्चिम टोकाला, ग्रीस आणि बल्गेरिया या दोन्ही देशांच्या सीमा हाकेच्या अंतरावर. तुंजा, मेरिच आणि आर्दा या तीन नद्या इथे एकत्र येतात. रोमन सम्राट हेड्रियननं दुसऱ्या शतकात शहराला आपलं नाव दिलं, त्याचंच घासून घासून ‘एदिर्ने’ झालं. १४५३मध्ये इस्तंबूल जिंकेपर्यंत उस्मानी राजधानी इथे होती. ज्यानं ते जिंकलं तो सुलतान दुसरा मेहमद इथेच जन्मला, आणि तिथल्या तटबंदीवर डागलेली ती प्रचंड तोफही इथेच ओतली गेली. राजधानी पुढे निघून गेली. मागे राहिलेलं शहर आज बहुतेक प्रवासी बसच्या खिडकीतून बघतात आणि पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिथल्या तीन मशिदींबद्दल तुर्की भाषेत एक यमक जुळवलेलं वचन आहे: जुन्या मशिदीची अक्षरं, तीन सज्ज्यांच्या मशिदीचं दार आणि सेलिमियेची बांधणी. तिन्ही एकमेकींपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. जुन्या मशिदीच्या भिंतींवर माणसाहून मोठी अक्षरं काळ्या रंगात लिहिली आहेत. एकेक अक्षर अंगावर येतं. तीन सज्ज्यांची मशीद सुलतान दुसऱ्या मुरादची, १४४७मध्ये पूर्ण झालेली. तिच्या सर्वांत उंच मिनारात तीन सज्जांकडे जाणारे तीन वेगळे जिने आहेत. बाकीच्या मिनारांपैकी एकाला दोरीसारखा पीळ आहे.

या दोन्ही सिनानच्या डोळ्यांसमोर होत्या. सेलिमियेचं काम १५६८मध्ये सुरू झालं आणि १५७५मध्ये मशीद उघडली. त्याआधीच, १५७४च्या डिसेंबरात, सलीम वारला होता. सिनान तोवर ऐंशीच्या घरात पोचला होता. इस्तंबूलमधली शहजादे मशीद त्याची उमेदवारी, सुलेमानिये त्याची कारागिरी आणि सेलिमिये उस्तादी, असं त्याच्याच नावावर सांगितलं जातं. ही उस्तादी कशात आहे? पूर्वीच्या मोठ्या मशिदींमध्ये मुख्य घुमटाला बाजूंनी अर्धघुमटांचा टेकू असायचा. सिनाननं एकच घुमट आठ खांबांवर तोलला आणि खांब भिंतींच्या इतके जवळ नेले की मधली सगळी जागा मोकळी झाली. कुठेही उभे राहा, घुमट अख्खा दिसतो. उस्तादाच्या या कामात खालच्या एका खांबावर ते उलटं फूल आहे, हे विसरू नका.

आता तुंजा नदी ओलांडू. पलीकडे सुलतान दुसऱ्या बायझीदनं १४८८मध्ये पूर्ण केलेलं संकुल आहे: मशीद, वैद्यकशाळा, अन्नछत्र आणि दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय. ‘शिफा’ म्हणजे आराम पडणं. सहा कोनांच्या दालनावर घुमट, मधोमध कारंजं, भोवती रुग्णांच्या खोल्या आणि एका बाजूला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी बैठक. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहून गेला आहे की, मनाचा तोल गेलेल्यांसाठी इथे दहा गायक-वादक नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीन दिवस गात-वाजवत. कोणते मकाम, म्हणजे आपल्या भाषेत राग म्हणू या, रुग्णांना मानवतात, त्यांची नावंही त्यानं दिली आहेत: नेवा, रास्त, सेगाह, चारगाह. फुलांच्या वासाचाही उपयोग करत. एव्लियाला तिखटमीठ लावून सांगायची सवय होती, हे मान्य. पण ते दालन उभं आहे. वेड्या माणसाला अंधारकोठडीत न डांबता वाहत्या पाण्याशेजारी बसवून गाणं ऐकवायचं, एवढ्यासाठी कुणीतरी दगडाची अख्खी वास्तू आखली, याहून मोठं स्मारक मला त्या शहरात दिसत नाही. सेलिमियेसुद्धा नाही. आज तिथे त्राक्या विद्यापीठाचं आरोग्यविषयक संग्रहालय आहे.

परत गावात येऊ, कालेइची मोहल्ल्यात. ‘कालेइची’ म्हणजे किल्ल्याच्या आतलं. सरळ एकमेकींना छेदणारे रस्ते आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. स्पेनमधून १४९२मध्ये हाकलले गेलेले ज्यू ज्या उस्मानी शहरांत स्थिरावले, त्यांत हे एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठी आग लागली, तेरा सिनेगॉग जळाले. त्यांच्या बदल्यात एकच भव्य सिनेगॉग बांधलं, व्हिएन्नातल्या एका प्रसिद्ध सिनेगॉगच्या धर्तीवर. ते १९०९मध्ये उघडलं. पुढे १९३४मध्ये या भागात ज्यूंवर हल्ले झाले आणि कुटुंबांमागून कुटुंबं निघून गेली. १९९७मध्ये रिकाम्या सिनेगॉगचं छत कोसळलं. २०१५मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं, पण तोवर गावात ज्यू उरले होते ते अगदी बोटांवर मोजण्याइतके. ज्याच्यावरून ते बेतलं, ते व्हिएन्नाचं सिनेगॉग नाझींनी १९३८मध्येच नष्ट केलं होतं. मूळ गेलं, प्रत उरली.

याच गावात बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला १८६३ ते १८६८ अशी जवळजवळ पाच वर्षं हद्दपारीत राहिले. पाचगणीला बहाई मंडळींची शाळा पाहिलेल्यांना हे नाव परकं वाटणार नाही.

शेवटी सराय-इची. इथे उस्मानी राजवाडा होता. १८७७-७८च्या रशियाबरोबरच्या युद्धात वाड्यातला दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उडवून दिला, वाडाही उडाला. आज तिथे दर उन्हाळ्यात कर्कपिनारच्या कुस्त्या होतात. ‘कर्कपिनार’ म्हणजे चाळीस झरे. मल्ल नखशिखांत तेल चोपडतात, अंगावर फक्त कातड्याची तंग तुमान, तिला ‘किस्पेत’ म्हणतात. बाजूला ढोल आणि आपल्या सनईच्या कुळातला झुरना वाजत असतो. मल्लांची नावं आणि कीर्ती पुकारणारा माणूस वेगळा असतो. कोल्हापूर-सांगलीकडचं मैदान आणि हलगी ज्यांच्या कानात आहे, त्यांना तिथे पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटेल. तुर्कीत मल्लाला ‘पेहलिवान’ म्हणतात. आपला पैलवान तो हाच. फरक एवढाच की आपल्याकडे अंगाला माती लागते आणि पकड बसते, तिथे तेलामुळे पकड सुटते.

‘चाळीस झरे’ या नावाची गोष्ट अशी. चौदाव्या शतकात चाळीस शिपाई मोहिमेवर असताना एका कुरणात कुस्त्या खेळले. दोघांची कुस्ती निकाली निघेना. ते पुन्हा भिडले, रात्र झाली तरी सोडेनात, आणि दोघंही तिथेच गतप्राण झाले. सोबत्यांनी त्यांना अंजिराच्या झाडाखाली पुरलं. काही काळानं ते परतले, तर त्या जागी झरे फुटलेले.

बाल्कन युद्धांनंतर सीमा बदलल्या आणि ते मूळ कुरण ग्रीसच्या हद्दीत गेलं. कुस्त्या १९२४मध्ये सराय-इचीला आल्या. झरे पलीकडे राहिले. सीमेच्या अलीकडे, उडवून दिलेल्या राजवाड्याच्या जागेवर, मल्ल अजून झुंज सुरू होण्याआधी वाकून जमिनीला हात लावतात आणि तो ओठांना, मग कपाळाला लावतात.